मुलाचं घर, केबिन नंबर चौदा

माझं लग्न एका चादरीच्या कोपऱ्यावर ठरलं.

साठच्या दशकात तीन वर्षं मी प्रवासी बोटीवर नोकरीला होतो. सलग नऊ-नऊ महिने मुक्काम बोटीवरच. काम म्हणजे केबिनी झाडायच्या आणि पलंगांवर चादरी घालायच्या. घरी बालाघाटला मात्र मी पत्रात लिहिलं, 'बावीस केबिनी माझ्या हाताखाली आहेत.' (खोटं कुठे होतं? हात मीच फिरवत होतो!) ते पत्र गल्लीत चार जणांनी वाचलं आणि महिन्याभरात मी साहेब झालो.

साहेब झालो म्हणून लालबर्ऱ्याहून सुशीलेचं स्थळ आलं. तिला मी सुट्टीत एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून उशीला अभ्रा घालतानाही मला तीच दिसायची. हे स्थळ हातचं जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. पण तिचे वडील नारायणराव राइस मिलवाले. धानाचा दाणा दाताखाली फोडून पाहिल्याशिवाय पोतं न घेणारा माणूस! आणि मुलाचं घर पाहिल्याशिवाय मुलीच्या बापाने होकार द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आईने त्यांना बालाघाटचं घर दाखवलं.

"हे त तुमचं घर झालं," नारायणराव म्हणाले. "पोरगा राह्यते बोटीवर. मंग बोटच पाहा लागन."

छोट्या गाडीने गोंदिया, तिथून मोठ्या गाडीने मुंबई, आणि भर आषाढात आई आणि नारायणराव बोटीच्या शिडीखाली उभे, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. बोट बंदरात एकच दिवस असायची. सकाळी जुने प्रवासी उतरायचे, चार वाजता नवे चढायचे आणि मधल्या वेळात आम्ही सगळ्या केबिनी नव्या करायच्या. वर्षातला कोणताही दिवस यापेक्षा बरा होता, पण भेटायला येणाऱ्यांना पास त्याच दिवशी मिळायचा.

माझं खरं घर बोटीच्या पोटात होतं. इंजिनाशेजारी आठ जणांची खोली, एकावर एक फळ्या आणि दोरीवर आठ जणांच्या चड्ड्या. ते दाखवणं शक्यच नव्हतं. मी नुकतीच चौदा नंबरची केबिन तयार केली होती. तिचे प्रवासी चारशिवाय येणार नव्हते. दोघांना सरळ तिथे नेलं आणि म्हटलं, हे माझं घर.

नारायणरावांनी गादी दाबून पाहिली, नळ तीनदा उघडून बंद केला, आरशामागे बोट घालून धूळ तपासली. आईला तर सगळंच जाणून घ्यायचं होतं. पाणी गोडं कसं, दिवा कुठून पेटतो, खिडकी गोल काहून. मग तिची नजर पलंगांवर गेली.

"एकट्याले दोन पलंग काहून रे?"

"पुढचा विचार करून दिलाय," मी म्हणालो. नारायणराव मिशीत हसले. मला वाटलं, जिंकलो.

मला 'पाहणीला' जायचंय, तुम्ही दहा मिनिटं बसा, असं सांगून मी निघालो. (अकरा केबिनी अजून उघड्याबोडक्या पडल्या होत्या.) त्या दहा मिनिटांचा सव्वा तास झाला. परत येऊन पाहतो तर आईचं पिळलेलं लुगडं दिव्यापासून खिडकीपर्यंत ताणलेलं, नारायणरावांचं धोतर नळाला बांधलेलं, आणि ते स्वतः माझ्या कडक इस्त्रीच्या चादरीत गुंडाळून घोरत होते. मधोमध ठेच्याचा डबा उघडा होता. आणि दुसऱ्या पलंगावर एक वृद्ध गुजराती जोडपं अंग चोरून बसलं होतं!

धक्क्यावरची शेड गळायला लागली म्हणून प्रवाशांना लवकर वर घेतलं होतं. आणि आईने गोंदियाला गाडी बदलणारा कोणीही जे करतो तेच केलं होतं. धरलेली जागा सोडली नव्हती, पण गाठोडं मात्र आपुलकीने सरकवलं होतं.

"बैठो ना बाई, मेरे बेटे का घर है," ती सांगत होती. "कहाँ तक जाना?"

"मोंबासा," बाई म्हणाल्या.

"हमको तो यहीं उतरना है. तब तक सरक के बैठो."

एवढ्यात आमचे साहेब, म्हणजे हेड स्ट्युअर्ड, दारात आले. त्यांनी लुगडं पाहिलं, धोतर पाहिलं आणि ही माणसं कोणाची, असं विचारलं. ओळखत नाही म्हणावं, हा विचार माझ्या मनात आला, हे आजही कबूल करताना लाज वाटते. पण आई माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहत होती की जीभच उचलेना. माझीच, मी म्हणालो. पाच मिनिटांत केबिन तयार कर, नाहीतर यांच्याबरोबरच शिडी उतर, असं सुनावून ते दारातच उभे राहिले.

मग मी साहेबपणा सोडला. नारायणरावांना उठवलं, त्यांच्या अंगाभोवतीची चादर ओढली, नवी झटकली, पसरली, चारही कोपरे दुमडून आत खोचले. चौथ्या मिनिटाला पलंगावर एक सुरकुती नव्हती. नारायणराव टॉवेल गुंडाळून सगळं बघत होते. त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"असे रोज किती?"

"चव्वेचाळीस."

"अन् साहेब?"

"दारात उभे आहेत ते."

आता तुझं खरं घर दाखव, म्हणाले. मी खाली नेलं. त्यांनी फळी पाहिली, चड्ड्या पाहिल्या आणि वर जायला वळले. स्थळ गेलं, असं समजून मी त्यांना पावसात निरोप दिला आणि त्या रात्री जेवलो नाही.

काही आठवड्यांनी पुढच्या बंदरात आईचं पत्र मिळालं. परतीच्या गाडीत नारायणराव गोंदियापर्यंत घोरत होते. तिथे उतरताना म्हणाले, "साहेबाले देली असती त पोरीनं जलमभर त्याचं अंथरूण घातलं असतं. हा आपलं आपण घालते. देली पोरगी."

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. सुशीलेने आजवर एकदाही चादर घातलेली नाही. वडिलांचा शब्द मोडवत नाही, म्हणते. आणि लालबर्ऱ्यात कोणाचंही लग्न निघालं की जावयाला सन्मानाने चार दिवस आधी बोलावतात. मी पोचतो, पाट मांडलेला असतो, पाय धुतले जातात, टिळा लागतो, आणि मग वऱ्हाड उतरायच्या खोल्यांची किल्ली माझ्या हातात येते. परवाच्या लग्नात गाद्या एकशे वीस होत्या. बोटीवर निदान चव्वेचाळीसच होत्या हो!