वाट्यानं दिलेल्या पेशी

“गाठ परत आली आहे,” मुंबईच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि माझा हात आपोआप मानेवर गेला. मान दुखत नव्हती. दुखत नाही म्हणूनच तर पहिली गाठही मी अंगावर काढली होती. तुम्ही काढू नका.

आजाराचं नाव लिम्फोमा. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच बिघडून गाठी करतात, तो कॅन्सर. घरचेच भेदी. किमो दोनदा हरली होती. आता एकच मार्ग होता. माझ्या रक्तातल्या टी-सेल, म्हणजे अंगातल्या पहारेकरी पेशी, बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, वाढवायचं आणि पुन्हा माझ्यात सोडायचं.

वालूरला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे घाबरायच्या आधी मी विचारलं, वाढवायच्या म्हणजे कशात? शेजारी माय बसली होती. तिचा जन्म शेळ्यांमागं गेलेला.

“अन् खात्यात काय त्या?” तिनं विचारलं.

मॅडम हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, अंगाइतकीच ऊब असलेली पेटी असते, ती इनक्युबेटर. तिच्यात पातळ पिशवीत मीडियम असतं, म्हणजे साखर, क्षार, प्रथिनं घातलेलं पेशींचं खाणं. ते बदलत राहावं लागतं. पेशी फार विरळ ठेवल्या तर झुरतात, दाटी झाली तर उपाशी राहतात. शेळ्यांचंही असंच असतं, असं मायनं त्यांना सांगून टाकलं.

पेशी काढण्याला ल्युकाफेरेसिस म्हणतात. एका हातातून रक्त यंत्रात जातं, पांढऱ्या पेशी बाजूला होतात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा, कॅल्शियम देतात. मी तर सारा वेळ यंत्राकडेच बघत होतो. पिशवीत जमलं ते टोमॅटोच्या पातळ सारासारखं दिसत होतं.

मग नुसती वाट बघणं. पोराच्या पेशी वाट्यानं दिल्यात, असं माय वेटिंग रूममध्ये सगळ्यांना सांगायची. आमच्याकडे शेळी सांभाळणं जमत नसेल तर दुसऱ्याकडे वाट्यानं देतात. त्यानं चारायची, पिल्लं निम्मी त्याची, निम्मी आपली.

एक दिवस मॅडमनी बोलावलं. “किमोनं तुमच्या पेशी थकल्या आहेत. वाढत नाहीयेत. पुन्हा काढायची वेळ आली, तर तेवढी सवड आजार देईलच असं नाही.”

तेव्हा मात्र मी घाबरलो. भिंतीकडे तोंड करून रडलो. मायनं जेवण सोडलं. मी ओरडलो तर म्हणाली, “त्या पेशींनी खाण्याला तोंड लावलं न्हाई, म्या कसं लावू?”

प्रयोगशाळेतल्यांनी खाण्यात फेरफार केला. आणि हळूहळू पेशींनी जीव धरला. निरोप आला तसा मायनं डबा उघडला.

परत सोडायची पिशवी एवढीशी होती, चहा प्यावा इतक्या वेळात संपली. खरी गंमत नंतर. सायटोकाइन रिलीज सिंड्रोम, म्हणजे पेशी लढायला लागल्या की अंगात रसायनांचा पूर येतो. ताप फणफणतो, रक्तदाब पडतो. पुढं तर मला गावाचं नावही आठवेना, तोही याच उपचाराचा परिणाम. पेशंटची जीभ अडखळली तर जवळच्यांनी तत्काळ नर्सला हाक मारावी.

औषधांनी ते सगळं ओसरलं. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ नव्हती. “सध्या आजार दिसत नाही,” मॅडम म्हणाल्या. तो ‘सध्या’ मी ऐकला, पण पेढेही वाटले.

आम्ही घरी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्या थोड्या पेशी उरल्या आहेत. थकलेल्या पेशी कशा वाढवाव्यात, हे शिकायला ठेवू का? मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, “ठिवा. वाढवणाराचा वाटा असतोच की.”

आता तपासणीला गेलो की माय आधी तिकडच्या पेशींची खुशाली विचारते, मग माझा नंबर. परवा मॅडमनी सांगितलं, एका मुलीच्याही पेशी वाढत नाहीयेत. तुमच्या पेशींवर जे शिकलो, ते तिथं करून बघतोय.

मायनं मुलीचं नाव विचारलं नाही, गावही नाही. आपल्या पिशवीतून भाकरी बांधलेलं फडकं काढून टेबलावर ठेवलं.

“तिच्या मायला द्या,” ती म्हणाली. “ती जेवली नसंल.”