साडूंचं मॉडेल आणि मामींची बाग

आमच्या साडूंइतकी पुढची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि ही काळजी स्वतःची मुळीच नाही. घरच्या गॅसचा नंबर लावायलासुद्धा ते विसरतात; पण आणखी तीस वर्षांनी श्रीगोंद्याकडे ऊन किती तापेल, विहिरींना पाणी किती राहील आणि त्यात कोणतं पीक तग धरेल, या विचाराने त्यांना जेवण गोड लागत नाही. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात आणि उरलेला वेळ सावेडीतल्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरवर हवामानबदलाची मॉडेलं चालवतात. मे महिन्यात कूलर कॉम्प्युटरच्या तोंडाशी असतो आणि साडू बनियनवर, वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले. मेहुणीने एकदा कूलर बाहेरच्या खोलीत नेला, तर ताप आलेल्या पोराला उन्हात काढल्यासारखा यांचा चेहरा झाला.

त्यांचा एक नियम आहे: मॉडेलला पुढचं विचारण्याआधी मागचं विचारायचं. होऊन गेलेली वर्षं ज्याला नीट सांगता येत नाहीत, त्याच्या भविष्यावर विश्वास ठेवायचा नाही. हा नियम ते माणसांनाही लावतात. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या इंजिनिअरने येत्या पाच वर्षांत फ्लॅट, गाडी, परदेश असं सगळं सांगितलं, तेव्हा साडूंनी अगदी आपुलकीने विचारलं की पाच वर्षांपूर्वी काय ठरवलं होतं आणि त्यातलं किती झालं. मंडळी पोहे अर्धवट टाकून उठली. मुलगी मात्र खूश होती.

गेल्या वर्षी श्रीगोंद्याकडच्या काष्टीला सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मामींनी, जुनी लिंबाची बाग काढून नवी लावायचं मनात आणलं. त्या एकट्या राहतात, त्यांचा सगळा आधार ती बागच. दोन्ही जावयांना विचारलं. मी फोनवरच लावा म्हणून मोकळा झालो. साडूंनी मुदत मागितली आणि बाग मॉडेलला घातली. मॉडेल म्हणालं, उन्हाळे वाढतील, विहीर पुरणार नाही, नवी बाग टिकणार नाही. मग नियमाप्रमाणे मागचं विचारलं. बाकी वर्षं बरोबर आली, पण दुष्काळाच्या एका वर्षी गाडी अडली. त्या उन्हाळ्यात बाग पुरती जळाली असं मॉडेल सांगत होतं, आणि बाग तर अजून उभी. साडूंनी सगळं पुन्हा पुन्हा तपासलं, घरच्यांशी बोलणं टाकलं आणि शेवटी मला म्हणाले की मॉडेल चुकतंय, मामींना अडवायचा आपल्याला अधिकार नाही. ही चूक फोनवर कबूल करणं त्यांना बरं दिसेना, म्हणून आम्ही माझ्या गाडीने काष्टीला गेलो.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. सरबताचे पेले पुढे सरकवत म्हणाल्या, "तुमचं मशीन खोटं न्हाई बोललं. बाग जळालीच हुती. ह्यांनी मरू दिली न्हाई. इहीर आटल्याव बैलगाडीत टाकी घालून लांबनं पानी आनायचे, आन बादलीनं एकेका झाडाच्या बुडात वतायचे. सगळा उन्हाळा."

दुसरा कोणी मॉडेल खरं ठरलं म्हणून हुरळला असता. साडूंचे डोळे भरून आले. त्यांचं लग्न सासरे गेल्यानंतरचं. मामांना त्यांनी पाहिलेलंही नव्हतं.

"मंग, लावू का नगं?" मामींनी सरळ विचारलं.

"नका लावू, मामी," साडू म्हणाले. "तसे उन्हाळे आता वरचेवर येतील. कमी पाण्यावरचं काही तरी आपण मिळून शोधू."

मामींनी बागेकडे एक नजर टाकली. "बरं," म्हणाल्या. "आता पानी वतनारं तरी कोन हाय?"

परतताना साडू मामांबद्दलच विचारत होते. उंच होते का, बोलायचे कसे, कधी कंटाळायचे नाहीत का. आठवलं तेवढं मी सांगितलं, आणि आता त्यांनाही मॉडेलमध्ये बसवणार की काय, म्हणून चेष्टा केली.

"बसवता येतील हो," साडू म्हणाले. "पण पुढच्या वर्षांसाठी अशी माणसं किती धरायची, ते कोणाला विचारू?"