अर्धी झाकलेली लडी

नरसय्याअण्णा गेल्याचं मला दुकानात कळलं. त्यांचा मुलगा पायरीशी उभा राहून म्हणाला, “अण्णा गेले पहाटं... पैलं तुमाला सांगाया आलो.” पहिलं मला! ज्याला सांगूच नये, त्याला. याला आता महिना झाला.

अण्णा सोलापुरातले रंगारी. त्यांनी रंगवलेल्या सुताचं लुगडं फाटेल, पण विटणार नाही, अशी त्यांची ख्याती होती. रंगाचा नवा डबा आला की ते सुताची एक लडी रंगवत, अर्धी काळ्या कागदात गुंडाळत आणि महिनाभर गच्चीवर उन्हात टांगत. कागद सोडल्यावर दोन्ही भाग सारखे दिसले, तरच तो रंग कढईत पडे. मी सूत-रंगाच्या दुकानातला कारकून. मी चिडवायचो, “अण्णा, जावई पाहताना तरी एवढी चौकशी केली होती का?” ते म्हणायचे, “जावई बिघडला तर समजावता येतंय रं. रंगाला कुटं समजावू?”

आम्ही तेव्हा जर्मन रंग विकत होतो. मग एका विलायती कंपनीचा एजंट आला. त्यांच्या सरकारने बाहेरच्या रंगाला बंदी घातली, कारखान्यांना हात दिला आणि ते जर्मनांच्या तोडीस आले, असं त्याने सांगितलं. मी भारावून गेलो. देश असा उभा करतात, असं अण्णांना ऐकवलं. ते लडी पिळत म्हणाले, “त्यांच्या मागं त्यांचं सरकार हाय. आपल्या मागं कोण हाय? ऊन तेवढं हाय की.”

लग्नसराई तोंडावर होती. घाई मी केली. खुद्द सरकारने पाठ राखलेला माल, त्याला महिना कशाला थांबायचं? माझ्या शब्दावर अण्णांनी त्या नव्या रंगाची कढई चढवली. सवयीने लडीही टांगली. पावसाळ्याआधीच लुगडी विटली. विणकर अण्णांच्या दारात आले तेव्हा मी तिथेच होतो. अण्णा म्हणाले, “माज्या हातानं चुकलं.” आणि मी... गप्प राहिलो. पुढे त्यांच्याकडे फारसं कुणी सूत दिलं नाही. माझं नाव का सांगितलं नाही, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, “तुजी नोकरी गेली असती की.” ते उत्तर आठवलं की मला आजही माझी लाज वाटते.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या खोलीत गेलो. ती लडी खिळ्याला होती. उन्हातून आत आणली, पण कागद त्यांनी कधी सोडलाच नव्हता. मी सोडला. आतला भाग कुंकवासारखा लाल, बाहेरचा जुन्या विटेसारखा. एक महिना थांबलो असतो तर...

मुलाला विचारून ती लडी मी दुकानात आणून टांगली आहे. मालकांनी दोनदा काढायला सांगितली. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, रंगारी चुकला नव्हता, मी चुकलो होतो.