चंपतरावांना हसू फुटलं

गोळीबार चौकामागच्या चंपतराव धकात्यांना हसताना कोणी पाहिलं असेल, तर त्यानं खुशाल पुढे यावं. मोहल्ल्यात तरी असा साक्षीदार नव्हता.

एकाहत्तर साली त्यांचा मोतीबिंदू काढला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्टी. उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. शेवटची अट ऐकून सून अनुसया मनात म्हणाली, ही तर मामाजी जन्मापासून पाळून राहिले!

अनुसया मॅट्रिक पास. बालवाडीत बाईची नोकरी मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. सासऱ्यांनी ‘नाही’ म्हणून विषय संपवला होता. नवरा रवींद्र? बापासमोर त्या बिचाऱ्याला कंठच फुटत नसे.

म्हाताऱ्याचा वेळ जावा म्हणून तिनं वाचनालयातून विनोदी कादंबरी आणली. नायक एक नंबरचा खडूस. लोकांच्या मांडवात जेवून वर जिलेबीला नावं ठेवायचा, लोणच्याच्या बरणीला कुलूप लावायचा. पहिल्याच पानावर अनुसयेला घाम फुटला. हुबेहूब मामाजी!

चंपतराव मात्र खूश. “हा तं आपला शेजारचा बाबनराव हाये वं! असाच सडेल. वाच, वाच.”

शनिवारी तिनं धीर केला. त्या दिवशी कादंबरीतल्या म्हाताऱ्याला अचानक एक सून फुटली. तिला नोकरी लागली. म्हाताऱ्यानं नाही म्हटलं. सून चुलीपुढे बसून रडली, भाकर करपली, तरी म्हाताऱ्याला भाकरीचंच दुःख...

“थांब,” चंपतराव म्हणाले. “पान काहून नाही उलटलं?”

चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस तो. एक धागा तुटला तरी त्याच्या कानाला कळायचं.

“इतकी वाचून राहिली, पान एकबी नाही वाजलं. हे पुस्तकात नाही.”

“नाही, मामाजी.”

“मंग हा म्हातारा बाबनरावबी नाही.”

“...नाही.”

आता नोकरी तर गेलीच, उद्या आपली रवानगी उमरेडला माहेरी, असं तिला वाटलं. तेवढ्यात चादर हलू लागली. चंपतरावांचं पोट गदगदत होतं. नर्स धावत आली, “बाबा, हसू नका! टाके तुटतील!”

“मी नाही हसून राहिलो, हे पोट हसून राहिलं,” ते कसेबसे म्हणाले. नर्स गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “पुढं काय करते तो म्हातारा?”

“ते अजून ठरलं नाही, मामाजी.”

“हो म्हणू दे त्याले. पन कुरकुर करत. एकदम चांगला झाला तं वाचनाऱ्याले पटनार नाही.”

सोमवारी अनुसया बालवाडीत हजर झाली. इकडे चंपतरावांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. रवींद्राला चहा करता येत नाही, उशी टोचते, सुना बाहेर पडल्यानं जग बुडालं. संध्याकाळी ती आली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको तिची कीव करू लागली.

अनुसयेनं कान देऊन सगळं ऐकलं. ‘उद्या जाऊ नको’ एवढं एकच त्यात नव्हतं.