तेल्हाऱ्याकडची एकदम गोड विहीर

मंडळी, विहिरींचं पाणी तपासणं हे माझं काम. आज तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात नमुना घ्यायला गेले होते. हा सगळा खारपाणपट्टा, पाणी तोंडात धरवत नाही.

एका घरच्या विहिरीतून बाटली भरली, त्यांच्याच ओसरीवर ठेवली आणि हात धुवून आले. क्षार मोजायचं मीटर बुडवलं तर पाणी एकदम गोड! मीटर बिघडलं असेल म्हणून पुसून पुन्हा बुडवलं. तरी तेच. घरच्या काकू मात्र उगाचच गाईकडे पाहत होत्या.

"काकू, बाटलीतलं पाणी बदललं का?"

"हो बाई, कॅनचं भरलं म्या. कागदावर खारं पानी लिवलं तं माह्या पोराले पोरगी कोन देईन?"

मी म्हटलं, "खरं कळलं तरच गोड पाण्याची सोय मागता येईल ना!"

काकूंनी जरा विचार केला, मग स्वतःच बादली विहिरीत सोडून नवी बाटली भरून दिली.

निघताना त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमाले तं आता आमचं पानी माईतच झालं. लपवाचं काईच नाई राह्यलं. तुमचं लगन झालं का?"

मी गाडी सुरू केली ती थेट अकोल्यात थांबवली. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?