खोळ घालता येईल असे कॅबिनेट

२००९ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरातला कॉम्प्युटर चालू असताना आपोआप बंद पडू लागला. पहिल्यांदा हे घडले तेव्हा दुपार होती आणि माझी बायको जेवायला उठली होती. परत येऊन तिने पाहिले तर पडदा काळा होता. सकाळपासून घातलेल्या तळटिपा गेल्या होत्या.

मंगळवार पेठेत वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. घरात मी, बायको आणि आई. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. दुपारी बाराला निघायचो, परतायला उशीर व्हायचा. बायको घरी बसून विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे मराठी प्रबंध टाइप करून द्यायची. हातात होता तो गारगोटीच्या एका शाळेतल्या मास्तरांचा प्रबंध, भुदरगड भागातल्या जात्यावरच्या ओव्यांचा. मास्तरांनी दोनदा मुदत वाढवून घेतली होती. मे अखेर ही शेवटची. प्रबंध तोवर जमा झाला नाही तर नोंदणी रद्द होणार होती आणि सात-आठ वर्षे गावोगाव फिरून गोळा केलेल्या ओव्या घरातल्या ट्रंकेत राहणार होत्या. ते दर शनिवारी एसटीने यायचे, तपासलेली पाने द्यायचे आणि नवी घेऊन जायचे.

कॉम्प्युटर नवा होता. त्या काळात दुपारी भारनियमन असायचे. आमचा जुना उभा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर लावला की वीज परत यायच्या आत बॅटरी संपायची. म्हणून मार्चमध्ये मी कमी विजेवर चालणारा छोटा मदरबोर्ड घेतला. लांबीरुंदीला तो वीतभरही नव्हता. लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालायचा. डोक्यावरचा पंखा आणि हा कॉम्प्युटर, दोन्ही मिळून सगळे भारनियमन निभत असे. त्यासाठीचे कॅबिनेट, म्हणजे बोर्ड बसवायचा बाहेरचा डबा, मी राजारामपुरीतल्या दुकानातून निवडले होते. काळे, लोखंडी, पेढ्यांच्या मोठ्या बॉक्सएवढे. चारी बाजूंनी बंद, फक्त झाकणाला बारीक भोके. आत पंखा नव्हता. माणसे तीन आणि बाहेरची खोली एकच, म्हणून आवाज न करणारे कॅबिनेट मी मुद्दाम शोधले होते.

पहिला संशय इन्व्हर्टरवर गेला. इलेक्ट्रिशियनने बॅटरी तपासली आणि ती ठणठणीत असल्याचे सांगितले. मग मी कॉम्प्युटर दुकानात नेऊन दिला. दुकानदाराने तो दोन दिवस चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही.

"साहेब, हितं रात्रंदिवस चालतंय," तो म्हणाला. "तुमच्या घरात काय भूत हाय का?"

घरी आणल्यावर दुसऱ्याच दुपारी तो बंद पडला. त्यानंतर जवळपास रोजच. बायको दर दहा मिनिटांनी काम राखून ठेवायला लागली. तरी दोनदा पूर्ण फाइल खराब झाली आणि चौथे प्रकरण नव्याने टाइप करावे लागले. शनिवारी मास्तर आले तेव्हा त्यांना द्यायला नवे पान नव्हते. ते चहाचा कप हातात धरून बसले.

"वैनी, तिसऱ्यांदा मुदत वाढवून देत न्हाईत ओ. मी इचारून आलोय. विद्यापीठाच्या गेटसमोर टायपिंगवाले हायत, तिकडं नेऊ का?"

"एक आठवडा द्या," बायको म्हणाली. "पुढच्या शनिवारी चौथं प्रकरण नसलं तर सगळे कागद घेऊन जा."

बुधवारी माझी साप्ताहिक सुटी होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. एकच्या सुमारास बायको जेवणाची पाने वाढायला आत गेली. थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा झाला. हे नेहमीचेच; थोडा वेळ काम थांबले की वीज वाचवायला तो काळा व्हायचा, कीबोर्डवरची कळ दाबली की परत उजळायचा. आई गॅलरीतून आत आली. तिने कॅबिनेटवरून हात फिरवला, बोटांना लागलेली धूळ पाहिली आणि शिवणयंत्रावर घडी करून ठेवलेली खोळ उचलली. आमच्या घरात टीव्ही, मिक्सर, रेडिओ, शिवणयंत्र, सगळ्यांना आईच्या हातच्या खोळी होत्या. ही तिने नव्या कॉम्प्युटरसाठी मार्चअखेरीस शिवली होती. जाड कापड, आतून अस्तर, वर भरतकाम, खाली झालर. तिने ती कॅबिनेटवर घातली आणि चारी बाजूंनी नीट खाली ओढली.

बायको ताट घेऊन दारात आली होती.

"आत्ती, चालू आहे तो!"

"कुठं चालू हाय? आवाज न्हाय, काय न्हाय."

"दिवा लागलाय की खाली."

"दिवा तर टीव्हीलापन लागतोय. बंद केला तरी लागतोय. मग टीव्ही चालू म्हणायचा व्हय?"

"रोज असा चालू असतानाच झाकता तुम्ही?"

"मग? तू जेवायला उठलीस की झाकते. जुना कसा घरघर करायचा, तवा कळत हुतं, झाकत नव्हते. ह्यो मुक्का. कळायचं कसं माणसाला?"

बायको जेवून परतायची तेव्हा कॉम्प्युटर बंद आणि खोळीखाली असायचा. तो आधी बंद पडला आणि नंतर झाकला गेला, असा तिचा समज होता. क्रम उलटा होता. मी खोळ काढून झाकणावर हात ठेवला. ठेववला नाही, इतके ते तापले होते. भोके झाकली की आतला बोर्ड तापत होता आणि कॉम्प्युटर स्वतःच बंद होत होता.

खोळ घालणे बंद करावे, असे मी म्हणालो.

"बंद कर आणि धूळ खा," आई म्हणाली. "होळीपासनं दारातला रस्ता उकरून ठेवलाय. तुमच्या हापिसात पुसायला माणूस असंल. हितं मीच हाय."

मी स्क्रू काढून झाकण उघडले. भोकांच्या बरोबर खाली, बोर्डावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये तांबडी धूळ बसली होती.

"तुम्ही दुपारी घरात नसता," बायको मला म्हणाली. "झाकला तर तापतोय, उघडा ठेवला तर धूळ. डबाच बदला."

"आणि घेताना मला इचारा," आई म्हणाली. "झाकायचं मला हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे राजारामपुरीत गेलो. आईने पिशवीतून खोळ आणली होती. दुकानदाराने ती काउंटरवर पसरून पाहिली.

"मावशी, कॉम्प्युटरला झबलं शिवलंय की!"

"मग उघडा फिरवायचा? दाखवा पावणं, काय काय हाय."

छोट्या बोर्डाची तीनच कॅबिनेट त्याच्याकडे होती. पहिले पुस्तकासारखे उभे राहणारे. जागा कमी लागते म्हणून मला ते आवडले. आईने त्यावर खोळ घातली, एक कोपरा ओढला आणि ते आडवे झाले. "मांजर गेलं तरी पडंल," ती म्हणाली. दुसऱ्याच्या झाकणात मोठा पंखा होता. थंड राहायला याच्याइतके चांगले दुसरे नाही, असे दुकानदार सांगत होता. बायकोने नकारार्थी मान हलवली. पंखा नेमका खोळीखाली येत होता.

तिसरे त्याने माळ्यावरून काढले. जुना माल, रंग पिवळट पांढरा. बसके, चार पायांवर उभे. झाकण पूर्ण बंद. हवा आत घ्यायला दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला जाळी, तिच्यामागे काढून धुता येईल असा स्पंज आणि पाठीमागे छोटा पंखा. मी त्याला पंखा लावून दाखवायला सांगितले. बारीक गुणगुण सुरू झाली. आईने कान खाली नेला.

"हां. ह्यो बोलतोय."

दिवसभर हा आवाज घरात राहील, असे मी म्हणालो.

"तुला कुठं दिवसभर घरात ऱ्हायाचंय?" आई म्हणाली.

बायको हसली. तिने ते कॅबिनेट स्वतःकडे ओढून घेतले.

"साहेब, मतदान झालं," दुकानदार म्हणाला. "दोन मतं गेली तिकडं. तुमचं डिपॉझिट पन गेलं."

आईने खोळ घालून पाहिली. झालर टेबलापर्यंत येत होती, जाळ्या झाकत होती. बाजूंच्या जाळ्या आणि पाठीमागचा पंखा उघडा राहायला हवा, हे दुकानदाराने तिला बोट लावून दाखवले.

"कात्री हाय का?" आईने विचारले.

तिने स्टुलावर बसून झालर उसवली, अस्तर काढले आणि बाकीचे कापड निम्म्यावर कापले. उरले ते टोपीसारखे, वरून घालायचे. तोवर दुकानदाराने बोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये बसवला. जुने त्याने बदल्यात ठेवून घेतले.

त्या दुपारी बायकोने कॉम्प्युटर खोळ घालूनच चालू केला. भारनियमन सुरू झाले, संपले, तरी तो चालत होता. मी ऑफिसातून दोनदा फोन करून विचारले. झाकण कोमट होते. शुक्रवारीही तसेच झाले. शुक्रवारी आईने बायको जेवायला उठल्यावर कॅबिनेटजवळ कान नेला आणि मग खोळ सारखी केली.

शनिवारी मास्तरांना चौथे प्रकरण मिळाले. त्यांनी ते उभ्यानेच चाळले, शेवटची तळटीप वाचली आणि मग खुर्चीत बसले. गेटसमोरच्या टायपिंगवाल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. उरलेली तीन प्रकरणे आणि ओव्यांचे परिशिष्ट मेच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्ण झाले. छपाई आणि बांधणी बाहेरून करून घेतली.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तरांनी विद्यापीठातून घरी फोन केला. फोन आईने घेतला. प्रबंधाच्या सर्व प्रती जमा झाल्या होत्या आणि पोच त्यांच्या हातात होती. बायको त्या वेळी दुसऱ्या एका प्रबंधाचे पहिले प्रकरण टाइप करत होती.