मुद्देमाल खोलीची किल्ली

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, सकाळी महादेवापुढे डोळे मिटून बसतो तेव्हाही नाही. तुम्हाला सांगून राहिलो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

मी कोर्टात नाझर होतो. नांदेड आणि लातूरच्या मधलं एक तालुक्याचं कोर्ट, नाव राहू द्या. नाझर म्हणजे शिपायांच्या ड्युट्या लावणारा, सामान सांभाळणारा, चाव्यांचा मालक. न्यायाधीश साहेब येतात नि बदलून जातात, नाझर तिथंच. तेव्हाचे साहेब खुर्चीवर बसले की लई गोड बोलायचे. वकिलांना वाटायचं, देवमाणूस! चेंबरचं दार लागलं की आम्हाला कळायचं, देव कसला ते. वरून काही बोलणं बसलं की वड्याचं तेल वांग्यावर. कुणाच्या तोंडावर फाईल फेक, कुणाला दिवसभर दाराशी उभं कर.

आणि एक शिक्षा होती त्यांची. ‘बसवा.’ मुद्देमालाची खोली बघितलीय का कधी? गुन्ह्यात जप्त केलेलं सगळं तिथं ठेवतात. कोयते, दोर, विषाच्या बाटल्या, रक्त वाळून कडक झालेली लुगडी — खटला संपेपर्यंत गठ्ठ्यात बांधून पडलेलं. खिडकी नाही. साहेब चिडले की म्हणायचे, याला तिकडं बसवा जरा, डोकं थंड होईल. जेवणाच्या सुटीभर माणूस आत. एका कारकुनानं तर त्यानंतर मटण खाणंच सोडलं.

सुलोचनाबाई आमच्याकडे शिपाई होत्या. धर्माबादकडच्या. नवरा कोर्टातच बेलिफ होता, तो वारल्यावर अनुकंपावर लागल्या. पदरी दोन पोरी. ही नोकरी गेली तर त्या घरात दुसरं काही नाही, हे मला माहीत होतं. बाईंना दमा होता, पंप कायम पर्समध्ये असायचा — तेही माहीत होतं.

एका रविवारी साहेबांच्या बंगल्यावर पाहुणे होते. मी बाईंना म्हटलं, भांड्यांना जा. तर म्हणाल्या, “नाझरसाब, मी कोर्टाची शिपाई हाय. त्यांच्या घरची न्हाई.”

खरं होतं की नाही? शंभर टक्के खरं! आणि मी काय करावं? सोमवारी ते साहेबांच्या कानावर घातलं. तिखटमीठ लावून घातलं. का — का म्हणजे, साहेब माझ्यावर खूश राहावेत म्हणून. दुसरं काय.

साहेब हसले. म्हणाले, “बसवा.”

बाई आत गेल्या. पर्स बाहेर बाकावरच राहिली. मी ती बघितली. थोड्या वेळानं लाईट गेली, आणि दारावर थापा पडायला लागल्या. “नाझरसाब! उघडा हो, दम लागलाय—” व्हरांड्यात पक्षकार डबे सोडून बसलेले. कुणीतरी विचारलं, कशाचा आवाज हो? मी म्हटलं, माकडं आलीत पत्र्यावर. असं म्हटलं मी. मग थापा थांबल्या. आणि मला — कसं सांगू — बरं वाटलं.

सुटी संपल्यावर दार उघडलं, तर बाई गठ्ठ्यांवर पडलेल्या, ओठ काळेनिळे. वाचल्या. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी तक्रार केली, साहेबांच्या हुकमावरून आपल्याला कोंडलं म्हणून.

चौकशीला जिल्ह्याहून मोठे साहेब आले. आमच्याकडे रीत अशी, की जो सगळ्यांत जुना तो आधी आत जाणार, आणि तो बोलेल तेच बाकीचे बोलणार. तपासणी असो, काही असो. आदल्या दिवशी सगळे मला म्हणाले, “अण्णा, तुम्ही खरं बोला. मग आमची बी जीभ सुटंल.” मी हो म्हटलं. आत गेलो आणि सांगितलं, बाई परवानगी नसताना आत गेल्या, झोपायला. त्यांची सवयच आहे ती. माझ्यामागून एकेक जण गेला, तेच बोलून बाहेर आला. कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

मुद्देमालात विनापरवाना शिरल्या म्हणून बाई बडतर्फ झाल्या. साहेबांची बदली झाली, मग बढती. बाई आता मिरचीच्या गोदामात देठं खुडायला जातात, असं ऐकलं. दमेकरी बाई, आणि मिरचीत.

लोकांना वाटतं, अण्णा साहेबांना भ्याला म्हणून खोटं बोलला. मी ते तसंच वाटू दिलं. भित्र्या माणसाला लोक माफ करतात हो. पण चौकशीत आमच्या साहेबांनी एक गोष्ट सांगितली होती — “कुलूप लावायला मी सांगितलं नव्हतं.” बाहेर सगळे म्हणाले, किती खोटं बोलावं माणसानं!

ते खरं होतं. साहेब नुसतं ‘बसवा’ म्हणायचे. दार लोटलेलं असायचं, धाकानंच माणूस आत बसून राहायचा. त्याआधी कुणालाच कोंडलं नव्हतं. त्या दिवशी कुलूप मी लावलं, माझ्या मनानं. भांड्यांना जा असं मी म्हटलं होतं, आणि बाई नाही म्हणाल्या होत्या त्या साहेबांना नाही — मला.